नकाशावरचा लाल डाग आणि शेजाऱ्यांचा प्रश्न

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, सगळे बॅगा आवरत असताना, माझ्या स्क्रीनवर एका शहराचा नकाशा होता आणि त्याच्या मधोमध एक भलामोठा लाल डाग. रस्ते अपघातांच्या तीन वर्षांच्या नोंदी, एक नोंद म्हणजे एक ठिपका. आमचं काम त्यातले हॉटस्पॉट शोधून देणं (वायफायचे नव्हेत!). त्यावरून क्लायंट ठरवणार होता की यंदाच्या पैशात कोणत्या चौकात सिग्नल आणि दिवे बसवायचे.

टूलमध्ये 'अंतर' नावाचा एक रकाना असतो. तो मी रिकामा सोडला होता. मग सहज गंमत म्हणून तिथे ५०० मीटर टाकलं. डाग फुटला आणि त्याचे सात लहान डाग झाले. ८०० टाकलं तर त्यातला एक चक्क नदी ओलांडून पलीकडे गेला. डेटा तोच, गणित तेच, बदललं फक्त एक: कोण कोणाचा शेजारी. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "जो चांगला दिसतोय तो पाठव ना यार, वीकेंड आहे."

मी तो पाठवला नाही. शनिवार-रविवार घरी बसून हे 'शेजारी' प्रकरण मुळापासून वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

आधी दोन वाक्यांत हॉटस्पॉटचं गणित. नकाशावरच्या प्रत्येक जागेसाठी तिची स्वतःची आणि शेजाऱ्यांची संख्या मिळवायची, आणि हे आकडे नकाशाभर कसेही विखुरलेले असते तर ही बेरीज किती आली असती, त्याच्याशी ताडून बघायचं. फरक फार मोठा आला की जागा लाल. आता यात शेजारी कोण आणि कोणाला किती वजन, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. जितक्या जागा तितक्या ओळी, तितकेच रकाने. पुस्तकात त्याला डब्ल्यू म्हणतात. सगळी सूत्रं पानभर सिद्ध करून दाखवतात, आणि डब्ल्यू आला की लेखक हळूच म्हणतो, "हा आपल्याला दिलेला आहे असं समजू." अहो, पण दिला कोणी?

तर मंडळी, चला १८५४ सालच्या लंडनला.

३१ ऑगस्टच्या रात्री सोहो भागात कॉलरा फुटला. कॉलरा म्हणजे आपल्या पणज्यांच्या भाषेतली पटकी. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट जिथे मिळतात तिथून २५० यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. एकूण आकडा ६१६पर्यंत पोचला. पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने नकाशा काढला, नकाशावर ब्रॉड स्ट्रीटचा हापसा सापडला, हापशाचा दांडा काढला, साथ थांबली. टाळ्या.

पण हे असं झालंच नाही. दांडा निघाला ८ सप्टेंबरला, आणि तो प्रसिद्ध नकाशा छापला गेला त्याच्या नंतर. तोवर साथ उतरणीला लागली होती, कारण माणसं घरं सोडून पळाली होती. हे स्नोने स्वतःच लिहिलंय. आणि नकाशा काय एकट्या स्नोने नाही काढला. गटारांच्या खात्यातला एडमंड कूपर नावाचा इंजिनीयरही मृत्यूंचा नकाशा घेऊन त्याच गल्ल्यांतून फिरत होता. त्याचा प्रश्न होता की मृत्यू गटारांच्या तोंडाशी आणि प्लेगच्या जुन्या दफनभूमीच्या आसपास दाटलेत का. म्हणजे ठिपके साधारण तेच, शेजारी वेगळे! कूपरच्या हिशोबात घराचा शेजारी गटार, स्नोच्या हिशोबात हापसा.

तिसरा एक हुशार माणूस होता विल्यम फार. सरकारी आकडेवारीतला मोठा माणूस. १८४८-४९च्या साथीवरच्या त्याच्या अहवालात त्याने दाखवलं की थेम्सच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच, तितकी कॉलऱ्याने माणसं कमी मरतात. आकडे इतके सुंदर बसले होते की आजच्या कुठल्याही डेटावाल्याने डोळे मिटून पेपर पाठवला असता. फारच्या जगात शेजारी म्हणजे समान उंचीवरचे लोक, कारण त्याच्या मते रोग नदीकाठच्या घाण हवेतून येत होता. आकडे बसले म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे त्यालाही नंतर पटलं. १८६६च्या साथीत तो पाण्याच्याच मागे लागला.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. स्नोच्या नकाशाची एक दुसरी आवृत्ती आहे. १८५५च्या चौकशी समितीच्या अहवालात ती आली. पहिल्या नकाशात नसलेली एक गोष्ट तिच्यात आहे: एक वेडीवाकडी तुटक रेषा. या रेषेवर कुठेही उभं राहिलं तर ब्रॉड स्ट्रीटचा हापसा आणि दुसरा जवळचा हापसा सारख्याच अंतरावर येतात. पण अंतर कसलं? पट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर नव्हे, जवळच्या रस्त्याने चालत जायचं अंतर! हातात बादली घेऊन निघालेल्या बाईच्या पायांनी मोजलेलं. पक्षी उडतो तसं पाणी आणता येत नाही, एवढी साधी गोष्ट. तरी आजही दहातली नऊ टूल्स डिफॉल्ट म्हणून पक्ष्याचंच अंतर घेतात.

आणि स्नो तिथेही थांबला नाही. मार्लबरो स्ट्रीटच्या हापशाजवळ काही मृत्यू होते. रेषेप्रमाणे ती माणसं त्या हापशाची. मग? स्नो दारोदार गेला. कळलं की त्या हापशाचं पाणी इतकं घाण होतं की पुष्कळ लोक ते टाळून ब्रॉड स्ट्रीटपर्यंत जायचे. ब्रॉड स्ट्रीटचं पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरं. म्हणजे चालण्याचं अंतरही शेवटी अंदाजच. खरं वजन लोकांच्या सवयीत होतं.

उलटी उदाहरणं तर त्याहून बोलकी. पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीचं वर्कहाऊस होतं, आत ५३५ माणसं. आजूबाजूच्या घरांत माणसं पटापट मरत होती, आत गेली फक्त ५. आसपासच्या रस्त्यांच्या प्रमाणात शंभराच्या वर जायला हवी होती. त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच एक ब्रुअरी होती, कामगार सत्तरच्या वर, कॉलऱ्याने एकही दगावला नाही. त्यांच्याकडेही स्वतःची विहीर, आणि वर कामगारांना रोज बिअर मिळायची. (शुक्रवारी संध्याकाळी हा पुरावा मांडून बघा, टीम खूश होईल.) दोन्ही जागा कोणत्याही वर्तुळात ठार आत, आणि वजन मात्र शून्य.

याउलट हॅम्पस्टेडमध्ये, कित्येक मैल दूर, एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिथे साथ नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायच्या, तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडायची, म्हणून रोज गाडीवरून एक मोठी बाटली भरून यायची. पुतण्या-भाच्यांपैकी इस्लिंग्टनची एक मुलगी भेटायला आली, तेच पाणी प्यायली, घरी जाऊन तीही गेली. त्यांचा शेजार नकाशावर मावत नाही, पण तक्त्यात लिहायचा झाला तर तिथे पूर्ण एक येतो.

कूपर, फार, स्नो, तिघांनीही 'शेजारी कोण' याचं उत्तर दिलं. फरक इतकाच की स्नोने आधी म्हटलं, "माझ्या मते हे पाण्यातून जातं, म्हणून शेजारी पाण्यावरून ठरतील," आणि मग जिथे ते जुळत नाही अशी घरं मुद्दाम शोधत फिरला. डब्ल्यूचा तक्ता हे सेटिंग नसून एक विधान आहे, हे मला त्या शनिवारी पहिल्यांदा कळलं. आठ वर्षं नोकरी करून!

नंतरची शंभरेक वर्षं आपण भरभर ओलांडू. विसाव्या शतकाच्या मध्यावर संख्याशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हातात घेतला. ऑस्ट्रेलियाचा पॅट्रिक मोरान १९४८ आणि १९५०मध्ये, आयर्लंडचा रॉय गिअरी १९५४मध्ये. गिअरीने आयर्लंडच्या काउंट्या घेतल्या आणि सोपा नियम केला: सीमेला सीमा लागते का? लागत असेल तर १, नाहीतर ०. भिंतीला भिंत म्हणजे शेजारी, आपल्या सोसायटीसारखं. पण मैलोन्‌मैल लागलेली सीमाही १ आणि कोपऱ्याला टेकलेली सीमाही १, हे काही बरोबर वाटत नाही. ब्रिस्टलच्या क्लिफ आणि ऑर्ड यांनी १९६९मध्ये मांडलं की वजन काहीही असू शकतं: सीमेची लांबी, अंतराचा व्यस्त, दोन्हींचं मिश्रण. अभ्यासकाला जे योग्य वाटेल ते. १९७३मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं.

ही मोठी मोकळीक होती, आणि माझ्या मते सगळी भानगडही इथेच सुरू झाली. "योग्य वाटेल ते" हे वाक्य कुठल्याही रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये दिसलं की आपल्याला घाम फुटतो की नाही?

१९९२मध्ये आर्थर गेटिस आणि तोच ऑर्ड यांनी आज आपण वापरतो ते हॉटस्पॉटचं माप दिलं. उदाहरणं घेतली नॉर्थ कॅरोलायनातल्या तान्ह्या बाळांच्या अचानक मृत्यूंची, काउंटीनुसार, आणि सॅन डिएगोतल्या घरांच्या किमतींची. तिथे शेजारी म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले सगळे. १९९५मध्ये त्यांनी ते वाढवून कोणत्याही वजनांना चालेल असं केलं. पुढे ते सॉफ्टवेअरमध्ये आलं, बटण झालं, आणि बटणाशेजारी तो रकाना आला.

तो रकाना रिकामा ठेवला की काय होतं, माहितीये? माझ्या टूलमध्ये एक नियम होता: प्रत्येक ठिपक्याला किमान एक तरी शेजारी मिळेल एवढं अंतर घ्या. ऐकायला किती समंजस! पण आमच्या डेटात शहराबाहेर हायवेवर एक एकटा अपघात होता, सगळ्यांपासून पावणेचार किलोमीटरवर. त्या एका ठिपक्याला शेजारी मिळावा म्हणून टूलने अख्ख्या शहरासाठी पावणेचार किलोमीटरची त्रिज्या घेतली. माझा तो भलामोठा लाल डाग म्हणजे त्या एका ट्रकवाल्याची कृपा होती.

"मग अंतर जास्त तसं वजन कमी, असं करा ना," असं तुम्ही म्हणाल. केलं. आमच्या नोंदींत निम्मे अपघात 'अमुक चौक' एवढ्याच पत्त्याचे, सगळे चौकाच्या एकाच बिंदूवर रचलेले. अंतर शून्य. एक भागिले शून्य. पुढचं सांगायला नको. बरं, तो चौक टाळला तरी एक मीटरवरच्या ठिपक्याचं वजन किलोमीटरवरच्याच्या हजारपट होतं, मग शेजार उरतच नाही, नुसती एकेक घरं लाल होतात. एक मात्र बरं झालं: एकाच जागेचे ठिपके आधी मोजून एकत्र करायचे आणि मगच गणित करायचं, हे कायमचं लक्षात राहिलं.

आता थोडं गंभीर. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सीस्केल नावाचं छोटं गाव आहे, सेलाफिल्डच्या अणुइंधन प्रकल्पाला लागून. १९८३मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनने एक कार्यक्रम दाखवला. त्यात म्हटलं होतं की या गावात मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. देशभर खळबळ. सर डग्लस ब्लॅक यांची समिती बसली. १९८४च्या अहवालात त्यांनी मान्य केलं की आकडा असाधारण आहे, पण प्रकल्पातून बाहेर पडलेल्या किरणोत्साराच्या हिशोबाने तो समजावता येत नाही.

इथे शेजाऱ्याचा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. सीमा गावाभोवती आखली तर आकडा भयंकर दिसतो. तीच सीमा मोठ्या तालुक्याभोवती आखली की तो विरघळतो. प्रकल्पवाल्यांना मोठी सीमा सोयीची, आरोप करणाऱ्यांना छोटी. आणि मधे ज्यांची मुलं आजारी पडली ते आईबाप.

न्यूकासल विद्यापीठातला स्टॅन ओपनशॉ या वादात उतरला. हा आधीपासून सीमांवर खार खाऊन होता. १९७९मध्ये त्याने आणि पीटर टेलरने आयोवाच्या ९९ काउंट्या वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून दाखवलं होतं की म्हाताऱ्यांचं प्रमाण आणि रिपब्लिकन मतं यांचा संबंध जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत हवा तिथे आणता येतो. डेटा तोच! तेव्हा सीस्केलबाबत त्याचं म्हणणं असं की कोणतीही एक निवड संशयास्पद असेल तर सगळ्याच निवडी करू. १९८७चं त्याचं 'जिऑग्राफिकल अ‍ॅनालिसिस मशीन' हेच करायचं. नकाशाभर वर्तुळंच वर्तुळं, त्रिज्या एक किलोमीटरपासून वीसपर्यंत, एकमेकांवर चढलेली, प्रत्येकात आजारी मुलं मोजायची आणि जास्त वाटलं तर वर्तुळ छापायचं. तेव्हाच्या मेनफ्रेमला घाम फोडणारी लाखो वर्तुळं. टिपिकल इंजिनीयरचं उत्तर: विचार करायचा नसेल तर लूप लावा. (मीही हेच केलं असतं, म्हणून बोलतोय.)

निकाल चक्रावणारा होता. सीस्केलला वर्तुळांचा गठ्ठा उमटलाच. पण त्याहून मोठा गठ्ठा उमटला टाइनसाइडला, गेट्सहेडच्या भागात, आणि तिथे अणुप्रकल्प वगैरे काही नव्हतं.

टीकाही लगेच आली. एकमेकांवर चढलेली वर्तुळं म्हणजे तीच मुलं पुन्हा पुन्हा मोजणं. आणि लाखो वेळा तपासलं की निव्वळ योगायोगानेही पुष्कळ वर्तुळं लाल होणारच. १९९१मध्ये बेसाग आणि न्यूएल यांनी प्रश्न उलटा केला. अंतर पक्कं धरून मुलं मोजण्याऐवजी रुग्णांची संख्या पक्की धरा, आणि तेवढे रुग्ण गाठायला किती लोकसंख्या ओलांडावी लागते ते बघा. त्यामुळे शहरात वर्तुळ आपोआप लहान, खेड्यात मोठं. आपल्या हायवेवरच्या ट्रकवाल्याचा प्रश्नही असाच सुटतो, त्याला त्याच्यापुरते लांबचे शेजारी मिळतात आणि बाकी शहराला त्रास होत नाही. मग १९९७मध्ये मार्टिन कुलडॉर्फने सगळ्या आकाराच्या खिडक्या फिरवून, सगळ्यांत ठळक खिडकीची एकच परीक्षा घ्यायची पद्धत दिली. लाखो परीक्षांची भानगड मिटली.

पण सीस्केलचं कोडं गणिताने सुटलं नाही. १९८८मध्ये लिओ किन्लेनने वेगळाच शेजार सुचवला. त्याचं म्हणणं, हा एखाद्या नेहमीच्या जंतुसंसर्गाचा क्वचित होणारा परिणाम असावा. आडबाजूच्या गावात बाहेरून एकदम खूप माणसं आली की नवे-जुने मिसळतात आणि तो संसर्ग पसरतो. हे तपासायला त्याने अणुप्रकल्पापासून लांब असलेलं स्कॉटलंडचं नवं शहर ग्लेनरोथेस घेतलं, आणि तिथेही त्याला जास्त रुग्ण दिसले. हे खरं असेल तर प्रकल्पापासून किती किलोमीटर, हे मोजण्यात अर्थच नाही. कोणाच्या वर्गात कोण नवीन मूल आलं, ते मोजायला हवं. २०१६मध्ये ब्रिटनच्या किरणोत्सारविषयक समितीने म्हटलं की १९९१नंतरच्या आकड्यांत सीस्केलची ती वाढ दिसत नाही. नेमकं कारण कोणतं, यावर आजही एकमत नाही.

असो. आता माझा रविवार. जालावर स्नोच्या नकाशावरचे ठिपके मिळतात, १९९२मध्ये संगणकात उतरवलेले: ५७८ मृत्यू आणि १३ हापसे. शेजाऱ्यांचा तक्ता ३,३४,०८४ खणांचा होतो, लॅपटॉपला तेवढं काही जड नाही. त्यावर दुपारभर खेळलो. त्रिज्या मोठी केली की अख्खं सोहो लाल, लहान केली की चार-दोन घरं. वर्कहाऊसच्या जागी नुसती मोकळी जागा दिसते. तिथे ५३५ माणसं होती आणि बहुतेक सगळी जगली, हे त्या फाइलला माहीतच नाही; तिच्यात फक्त मेलेले आहेत. आमच्या अपघातांच्या फाइलीतही फक्त अपघात होते. कोणत्या रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या सुखरूप गेल्या, हा रकानाच नव्हता.

रात्री मी स्वतःलाच एक मेल लिहिली आणि टीमला सीसी केली. अंतर रस्त्याने मोजायचं, नदी पुलावरूनच ओलांडायची. एका सिग्नलचा परिणाम साधारण पुढच्या चौकापर्यंत पोचतो असं धरून शेजारी दोन चौकांपर्यंतचेच. हायवेवरचा ठिपका वेगळा. गाड्यांची मोजणी मिळेल तिथे भागाकार. हे सगळं लाल डाग बघायच्या आधी लिहिलं, आणि सोमवारी सकाळी रन केलं.

नदी ओलांडून गेलेला डाग परत आला. एका काठावर दोन चौक लाल झाले, दुसऱ्या काठावर एक. आणखी एक डाग, जो तीनही जुन्या नकाशांत होता, गाड्यांच्या संख्येने भागल्यावर गायबच झाला. तिथे नुसती वर्दळ होती.

मॅनेजरने बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. "डाग फारच छोटे झाले रे," म्हणाला. मग सोबतची मेल वाचली, आणि ती प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर टाकायला सांगितली.